लेहला बर्फ लावतात : जानेवारीतले आठ दिवस

माझी भाची सहाव्या वर्षापासून रोलर स्केटिंगच्या चाकांवर आहे. कोथरूडला घरापासून दहा मिनिटांवर सिमेंटची रिंक आहे आणि पहाटे साडेपाचला तिला तिथे सोडायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. आता ती चौदाची झाली. रिंकवरच्या दोन मोठ्या मुली बर्फावरच्या स्पर्धांना जायला लागल्या, तेव्हापासून हिनं एकच धोशा लावला होता : "आत्या, मला खरा बर्फ बघायचाय." तिच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "आधी नुसती उभी राहू दे. पाय चाकं विसरले की पुढचं बोलू."

सिमल्याला १९२० पासूनची नैसर्गिक बर्फाची रिंक आहे, देहरादूनला बंदिस्त आहे. पण २०२५ मध्ये भारताच्या मुलींनी आइस हॉकीच्या आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं आणि संघातल्या बहुतेक मुली लडाखच्या निघाल्या. ती बातमी भाचीनं कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. मग जायचं कुठे, हा प्रश्नच उरला नाही. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी निघालो. वहिनीनं तिळगुळाचे दोन डबे आणि वीस गुळाच्या पोळ्या बांधून दिल्या.

दिवस पहिला

दिल्लीहून लेह सव्वा-दीड तास. खाली डोंगरांची रांग संपता संपत नाही. विमानाचं दार उघडल्यावर पहिला श्वास नाकात टोचला, बाहेर उणे चौदा होतं. आमच्याकडे जानेवारीत पारा दहावर आला की आपण शेकोट्या पेटवतो. तिथे मात्र विमानतळावरचा शिपाई कानटोपी वर सारून निवांत उन्हात उभा होता.

ठरवलेल्या मुक्कामी पोचलो तर नळ ठणठणीत गोठलेले, खोलीत शेगडी नाही आणि "गरम पाण्याची सोय" म्हणजे रिकामी बादली. आमच्या टॅक्सीवाल्या दादानं सामान डिकीतून काढलंच नव्हतं. "मेरी मौसी के यहाँ चलो," एवढंच म्हणाला. त्या मावशींच्या घरी आम्ही आठ दिवस राहिलो आणि ही सगळी गोष्ट त्या घरामुळेच घडली.

लडाखी घर हिवाळ्यात एका खोलीत येऊन राहतं. मधोमध बुखारी म्हणजे खोली तापवणारी लोखंडी शेगडी, तिच्यावर सतत काहीतरी उकळणारं, भिंतीला लागून गालिचे आणि बुटकी चौरंगासारखी टेबलं. घरात मावशी, त्यांचे ऐंशीच्या घरातले वडील आणि सतरा वर्षांची मुलगी. आईला 'आमा-ले', आजोबांना 'मेमे-ले', मोठ्या बहिणीला 'आचे-ले'. शेवटचा 'ले' म्हणजे आपला आदराचा 'जी'. भाचीनं तासाभरात तिघांनाही त्याच हाका मारायला सुरुवात केली. कोपऱ्यात हॉकीची काठी आणि दोन स्केट्स दिसल्यावर तिचे डोळे बुखारीपेक्षा जास्त पेटले. आचे-ले गोलरक्षक होती.

संध्याकाळी माझं डोकं धरलं. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. छातीत जाणाऱ्या प्रत्येक श्वासात समुद्रकाठच्या तुलनेत प्राणवायू जेमतेम दोन तृतीयांश असतो. आमा-लेंनी लसणाचं पातळ सूप दिलं, रात्री दोनदा उठवून पाणी पाजलं. सकाळपर्यंत डोकं उतरलं.

इथेच सांगून टाकते. विमानानं लेहला जाणाऱ्यांनी पहिले दोन दिवस खरोखर काही करू नये. जिनासुद्धा सावकाश चढावा. गोळ्या घ्यायच्या की नाही ते पुण्यातच डॉक्टरांना विचारून घ्यावं. डोकेदुखी वाढतच गेली, उलट्या झाल्या, चालताना झोक जायला लागला तर "बघू सकाळी" असं न म्हणता सरळ जिल्हा रुग्णालय गाठावं. आणि बाहेरचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेडच लागतं. आम्ही ते आधी करून घेतलं होतं म्हणून घरी फोन लागला.

दिवस दुसरा

दिवसभर बुखारीपाशी. दुपारी आमा-ले स्क्यू करायला बसल्या. कणकेची बोटाएवढी गोळी, तिच्यावर अंगठ्यानं दाब द्यायचा की मध्ये खळगा पडतो, आणि ती बटाटा, सलगम, मटण किंवा नुसत्या भाज्यांच्या रश्श्यात सोडायची. माझ्या आजीची वरणफळं आठवली. मी म्हटलं, मलाही द्या थोडी कणीक. माझे खळगे उथळ पडत होते. आमा-लेंनी माझा अंगठा धरून तो कसा पुढे सरकवत दाबायचा ते दाखवलं. त्या खळग्यातच रस्सा साठतो आणि खाताना तोंडात येतो, हे वाटी हातात आल्यावर कळलं.

गुरगुर चहा मात्र पहिल्या घोटाला जड गेला. लोणी आणि मीठ घातलेला. चहा म्हणून प्यायलात तर जमत नाही, सार म्हणून प्या. दुसऱ्या दिवसापासून मी मागून घेत होते.

आम्ही तिळगूळ दिला. "गोड बोला" म्हणजे काय ते भाचीनं हिंदीत समजावलं. मेमे-लेंना दात थोडे, त्यांनी तिळाचा लाडू चहात बुडवून खाल्ला. त्याबदली ओंजळभर सुकं जर्दाळू आलं. आतली बी गोड असेल तर फोडून खायची असते, ती टाकू नका.

दिवस तिसरा

सकाळी आठला करझूच्या तळ्यावर. उन्हाळ्यात हे साधं तळं, हिवाळ्यात अख्ख्या गावाचं अंगण. पाच-सहा वर्षांची पोरं खुर्ची ढकलत शिकत होती, एका कोपऱ्यात हॉकीचा सराव चालला होता. आचे-लेनं मैत्रिणीचे स्केट्स आणून दिले.

भाची दिमाखात उतरली आणि तीन पावलांत आडवी झाली. उठली, पुन्हा आडवी. मला वाटलं, आठ वर्षांच्या सरावाचं झालं तरी काय? आचे-लेनं तिला कडेला बसवलं, स्केट उलटा केला आणि नखावर पातं हलकेच फिरवलं. नखाची पांढरी भुकटी पडली. मग म्हणाली, नीट बघ. मीही वाकून पाहिलं. पातं सुरीसारखं एका धारेचं नसतं. खालच्या बाजूनं लांबच लांब उथळ पन्हळ कोरलेली असते, त्यामुळे दोन्ही बाजूंना दोन कडा उभ्या राहतात, आतली आणि बाहेरची. बर्फावर सगळा खेळ या दोन कडांचा. चाक सिमेंटला धरून असतं. पातं सपाट ठेवलं तर धरायला काहीच नाही, पायाचा कोन बदलला की एक कड बर्फात रुतते आणि तिच्यावरच जोर घ्यायचा.

थांबण्याचंही तसंच. रिंकवर ही मागचा पाय आडवा टाकून चाकं घासत थांबते. इथे तोच पाय टाकला, कड अडकली आणि ती फेकली गेली. बर्फावर दोन्ही पाय एकदम आडवे करायचे, गुडघे मोडायचे आणि बर्फ खरवडायचा. आचे-लेनं करून दाखवलं तेव्हा नारळाच्या किसासारखा पांढरा फवारा उडाला आणि ती जागच्या जागी उभी.

दोन तासांनी भाचीला जरा जमायला लागलं. वळण घेताना उजवा पाय डाव्यावरून टाकायची सवय मात्र कामी आली. रिंकवरही डावीकडेच फिरतात आणि बर्फावरच्या शॉर्ट ट्रॅक शर्यतींतही. तो ट्रॅक १११.१२ मीटरचा असतो, हे तिनं मला त्या थंडीत ऐकवलं. पण दोन फेऱ्यांत छाती भात्यासारखी वरखाली व्हायची. हवा विरळ म्हणून वाऱ्याचा विरोध कमी आणि श्वासही कमी. अकरा वाजता ऊन चढलं तसा सगळ्यांनी बर्फ रिकामा केला. उन्हात वरचा थर मऊ पडतो, त्यावर खेळलं तर चरे पडतात आणि संध्याकाळचा खेळ बिघडतो. कुणी शिट्टी मारली नाही, पाटी लावली नव्हती. लहान पोरंसुद्धा आपापल्या खुर्च्या उचलून निघाली.

दिवस चौथा : बर्फ लावणं

आमा-लेंच्या घरामागे चुलत्यांचं जवाचं शेत आहे. पीक निघालं की हिवाळाभर ते मोकळं. डिसेंबरात मुलं त्याला गुडघ्याएवढा बांध घालतात आणि पाणी सोडतात. हे ऐकून मी म्हटलं, म्हणजे पाणी सोडलं की सकाळी बर्फ तयार. मेमे-ले हसले नाहीत. म्हणाले, रात्री नऊला चल.

रात्री नऊला उणे अठरा. मी तीन थर कपडे, त्यावर आमा-लेंचा लोकरी गोंचा म्हणजे लडाखी झगा, अशी उभी. मुलंमुली मिळून दहा-बाराजण आले. आधी झाडू. खराट्यासारखे लांब दांड्यांचे झाडू घेऊन दिवसभराचा किस आणि धूळ लोटायची. धुळीचा कण काळा, तो उन्हात तापतो आणि आपल्यापुरता खड्डा पाडून बर्फात उतरतो. म्हणून कानाकोपरा लोटायचा. मग फावड्यानं उंचवटे तासायचे. आचे-ले बॅटरी जमिनीलगत आडवी धरून बसली. त्या तिरप्या उजेडात एकेक चरा सावली टाकून उठून दिसत होता. खोल चऱ्यांत मुलांनी ओला बर्फ हातानं लिंपला, भिंतीची भेग बुजवावी तसा.

नंतर पाणी. आमा-लेंनी बुखारीवर तापवलेलं पाणी मोठ्या पिंपात ओतलं. पिंप घसरगाडीवर, मागे भोकं पाडलेला आडवा पाइप आणि त्याला बांधलेलं ओलं पोतं. दोघं ओढतात, एकजण मागून पोतं सरळ धरतो. पाइपातून धार पडते आणि पोतं तिला सारखी पसरत जातं. गरम पाणी का, विचारलं. गरम पाणी जुन्या बर्फाचा वरचा पापुद्रा जरासा वितळवतं, त्यामुळे नवा थर आणि जुना थर एकजीव होतात. त्यात हवाही कमी विरघळलेली असते, म्हणून बर्फ दाट धरतो. आणि थर पातळच हवा. घाईनं जाड पाणी सोडलं तर वरून साय धरल्यासारखा बर्फ होतो, खाली पोकळी राहते आणि सकाळी पाय आत जातो.

त्या पाण्याची वाफ चांदण्यात कमरेइतकी उभी राहायची आणि पिंप पुढे गेलं की मागे बसायची. पंधरा-वीस मिनिटांत वरची चकाकी जाऊन थर निबर व्हायचा, की पुन्हा पिंप. असे तीन हात झाले. मला अंगण सारवणं आठवत होतं. तेच मागे मागे सरकणं, तेच आपल्या पावलाचा ठसा राहू न देणं. मेमे-लेंनी मात्र दुसरंच सांगितलं. दह्याचं विरजण लावून तुम्ही त्याला हलवता का? तसंच हे. लावलं की रात्रभर त्याच्याकडे जायचं नाही. तेव्हापासून भाची 'बर्फ लावणं'च म्हणते.

भाची झाडूवर होती. अकराला हातमोज्यांत बोटं बधिर झाली तेव्हा मी तिला घरात चल म्हटलं. ती नाही आली. तिला मी रिंकवर नेताना किती वेळा पाहिलंय, दप्तर टाकायचं, स्केट्स चढवायचे आणि सुटायचं. ती रिंक कोण झाडतं हे तिला आणि मलाही कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. पुण्याला परत आल्यावर विचारलं. एक मावशी आहेत, पहाटे चारला येतात. आता दोघी त्यांना नावानं हाक मारतो.

दिवस पाचवा

सकाळी सातला त्याच शेतात दोन वस्त्यांचा सामना. बर्फ काळसर, काचेसारखा. मोठ्या रिंकची लांबी साठ मीटर असते, हे शेत त्याच्या निम्मंच, म्हणून प्रत्येकी चार खेळाडू आणि गोलरक्षक. एरवी एका वेळी सहाजण उतरतात. दर मिनिटाभरानं खेळाडू बांधावरून आत-बाहेर करत होते, कारण पूर्ण जोरानं तेवढंच खेळता येतं. पक माझ्या हातात दिली. कडक रबराची चकती, अडीच सेंटिमीटर जाड, साडेसात सेंटिमीटरहून जराशी जास्त रुंद. वजन दीडशे ग्रॅमच्या वर, हाताला दगडासारखी थंड. मोठ्या स्पर्धांत उसळू नये म्हणून ती मुद्दाम गोठवून ठेवतात. इथे खिशातून काढली तरी गोठलेलीच.

आचे-लेनं सात की आठ फटके अडवले. एक तिच्या हेल्मेटच्या जाळीवर बसला, त्याचा 'टण्' असा आवाज समोरच्या डोंगरावरून परत आला. ती पडली, गुडघ्यांवर उठली, हातमोज्यानं गोलासमोरचा बर्फ पुसला आणि पुन्हा वाकून उभी राहिली.

मध्यंतरात मेमे-ले माझ्याशेजारी उन्हात बसले. त्यांच्या तरुणपणी स्केट मिळत नसे. फौजी बुटाच्या तळाला गावचा लोहार लोखंडी पट्टी बसवून द्यायचा. पक म्हणून बुटपॉलिशची डबी. गोलरक्षकाच्या पायाला क्रिकेटचे पॅड. मुली? तेव्हा मुली बांधावर उभ्या राहून बघायच्या. २०१६ मध्ये मुलींचा संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेला गेला आणि सगळे सामने हरला. पुढच्या वर्षी बँकॉकला फिलिपिन्सला ४-३ नं हरवलं, त्या दिवशी या घरात खंबीर या लडाखी रोटीची आणि जर्दाळूची मेजवानी झाली होती. ते तेव्हा बांध घालायला स्वतः उतरायचे. आता पाणी गोठायला उशीर होतो, असं ते म्हणाले. पूर्वी फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत शेतात खेळायचो, आता पंधरा तारखेलाच पाय भिजतात.

ज्यांना मुलांना घेऊन जायचंय त्यांनी हेल्मेट, कोपर-गुडघ्यांचे संरक्षक आणि जाड हातमोजे पुण्याहूनच न्यावेत, रोलर स्केटिंगचे चालतात. मानेचं संरक्षण मात्र वेगळं लागतं, कारण पातं खरंच कापतं. पडलेल्या मुलानं बोटं मुठीत मिटायची, हे पहिल्या मिनिटाला शिकवा. खेळून आल्यावर पातं कोरड्या फडक्यानं पुसायचं, नाहीतर रात्रीत गंज धरतो. फोनची बॅटरी थंडीत भसकन उतरते, म्हणून तो आतल्या खिशात, अंगालगत ठेवा.

दिवस सहावा

टॅक्सीवाले दादा निमूपर्यंत घेऊन गेले. झंस्कार येऊन सिंधूला मिळते ती जागा. काठांना बर्फाच्या पांढऱ्या पायऱ्या, मधून हिरवं पाणी आणि त्यावर तरंगत जाणारी बर्फाची ताटं एकमेकींवर घासून चुरचुरत होती. वाटेत एका गावाबाहेर बर्फाचा स्तूप दिसला. डोंगरावरून पाइपानं आणलेलं पाणी दाबानं वर कारंज्यासारखं उडतं आणि पडता पडता गोठत शंकू वाढत जातो. सोनम वांगचुक यांनी २०१३ च्या हिवाळ्यात या प्रयोगाला सुरुवात केली. त्याआधी चेवांग नोर्फेल यांनी गावोगाव ओढे अडवून कृत्रिम हिमनद्या केल्या, त्यासाठी त्यांना २०१५ मध्ये पद्मश्री मिळाली. एप्रिल-मेमध्ये पेरणीला पाणी हवं असतं आणि वरच्या हिमनद्या तेव्हा अजून वितळलेल्या नसतात, तेवढ्या दोन महिन्यांची ही साठवण. भाची बराच वेळ पडणारे थेंब बघत होती. म्हणाली, "आत्या, यांनी इथेपण बर्फच लावलाय."

दिवस सातवा आणि आठवा

सातव्या दिवशी सकाळी तिला आडवे पाय टाकून थांबता आलं. सलग चार वेळा. किस उडाला, थोडा, पण उडाला. आचे-लेनं काठी बर्फावर आपटून दाद दिली, तिथे टाळ्यांऐवजी तसं करतात. गुळाची पोळी उरली होती ती बुखारीवर गरम करून लोण्यासोबत सगळ्यांनी खाल्ली.

आठव्या दिवशी बर्फ पडत होता, दरीत काही दिसेना, विमान रद्द. विमानतळावर चार तास बसून परत आमा-लेंच्या दारात. हिवाळ्यात लेहला जाणाऱ्यांनी परतीला दोन दिवस हातात ठेवावेत आणि दिल्लीचं पुढचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नये. आमचं पुढचं तिकीट वाया गेलं.

त्या रात्री नऊ वाजता शेताकडून पिंपाचा आवाज आला. मी कपडे चढवेपर्यंत भाची दारातला झाडू घेऊन निघूनही गेली होती. सहा बोटं ताजं हिम पडलेलं, ते सगळं लोटून बांधाबाहेर काढायला साडेअकरा वाजले. पाणी एकदाच फिरवलं.

फेब्रुवारीच्या मध्यात आचे-लेनं व्हिडिओ पाठवला. शेतात घोटाभर पाणी उभं आणि दोन मुलं गोलाचे खांब खांद्यावर घेऊन चाललेली. भाचीनं तो शाळेतून आल्या आल्या पाहिला आणि लगेच विचारलं, पुढचं पाणी कधी सोडणार?

उत्तर आलं, "दिसंबर में. तेरा झाडू रखा है."